आर-३२: सत्तावन्न वर्षं धावलेला डबा नेमका कशावर टिकला?

तुमचा प्रश्न असा आहे: न्यूयॉर्क सबवेचे आर-३२ डबे १९६४ मध्ये रुळांवर आले आणि २०२२ च्या जानेवारीत उतरले. आपल्याकडे लोकलचा डबा पंचवीस वर्षांत कंडम होतो. मग त्यांचं पोलाद चांगलं होतं की देखभाल?

मी तीस वर्षं मुंबईच्या उपनगरी डब्यांच्या दुरुस्तीत काढली. पीओएचला, म्हणजे ठरावीक मुदतीने होणाऱ्या मोठ्या दुरुस्तीला, आलेल्या डब्याची फरशी उचलून खाली काय उरलंय ते बघणं हे माझं काम होतं. त्यामुळे उत्तर त्याच बाजूने देतो. डबा म्हातारा होतो म्हणजे नेमकं काय म्हातारं होतं, हे आधी ठरवावं लागतं. मोटर जुनी झाली तर बदलता येते. वायरिंग नव्याने ओढता येतं, दरवाजे, बाकं, दिवे सगळं नवं बसवता येतं. पण सांगाडा गेला की डबा गेला. सोल बार, म्हणजे डब्याच्या दोन्ही कडांनी तळाशी धावणारी ती लांब तुळई, तिला पापुद्रे सुटले की वरून कितीही रंग द्या, उपयोग नाही. मी असे डबे पाहिलेत, बाहेरून नवरीसारखे आणि दरवाज्याखाली चाळण झालेले. मुंबईची खारी हवा, चार महिने पाऊस, रुळांवर तुंबलेलं पाणी आणि साधं पोलाद एकत्र आल्यावर दुसरं काय होणार? पंचवीस वर्षांची मर्यादा कोणी उगाच लिहून ठेवलेली नाही.

आर-३२ चा सांगाडा मात्र गेलाच नाही. त्याची सगळी कहाणी इथून सुरू होते.

नावाचं आधी सांगतो. न्यूयॉर्कमध्ये डब्यांच्या मालिका खरेदीच्या करारक्रमांकावरून ओळखल्या जातात. आर-१०, आर-११, आर-३२ हे असे क्रमांक. आर-३२ मध्ये ६०० डबे होते, ३३५० ते ३९४९. ते फिलाडेल्फियाच्या बड कंपनीने बांधले. किंमत सगळी मिळून सुमारे ६ कोटी ८८ लाख डॉलर, म्हणजे डब्यामागे एक लाख पंधरा हजारांच्या आसपास. डबा ६० फूट लांब, एका बाजूला चार दरवाजे, आणि प्रत्येक डब्याखाली ११५ अश्वशक्तीच्या चार मोटरी. आपल्याकडे बारा डब्यांच्या लोकलमध्ये मोटर कोच मोजके असतात आणि बाकीचे डबे ओढले जातात. तिथे प्रत्येक डबा स्वतःच्या बळावर चालतो. डबे जोडीने बांधलेले असत. एकात मोटर-जनरेटर आणि बॅटरी, दुसऱ्यात हवेचा कॉम्प्रेसर. एकटा डबा गाडी म्हणून उभाच राहू शकत नसे.

विजेची यंत्रणा पाहिली तर आपल्या डीसी लोकलचा माणूस तिथे अर्ध्या तासात रुळला असता. त्यांच्याकडे तिसऱ्या रुळावरून ६०० व्होल्ट, आपल्याकडे वरच्या तारेवरून १५००. बाकी तत्त्व तेच: कॅमशाफ्ट, म्हणजे उंचवट्यांचा दांडा, फिरतो, एकेक कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेचा मोठा स्विच, पडतो, रेझिस्टन्स टप्प्याटप्प्याने बाहेर निघतो, मोटरी आधी सिरीजमध्ये आणि मग पॅरललमध्ये जातात. गाडी सुटताना फरशीखालून येणारी ती टकटक ज्यांनी हार्बरच्या डीसी लोकलमध्ये एप्रिल २०१६ पर्यंत ऐकली, त्यांना आर-३२ परका वाटला नसता.

आता सांगाड्याकडे येतो, कारण मुद्दा तिथे आहे.

स्टेनलेस स्टील गंजत नाही असं आपण सहज म्हणतो. कारखान्यातला माणूस असं म्हणणार नाही. १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेलं पोलाद गंजत नाही, कारण क्रोमियम ऑक्साइडचा एक अतिसूक्ष्म थर त्याच्या पृष्ठभागावर आपोआप धरतो. पण त्याला नेहमीच्या पद्धतीने वेल्ड केलं, म्हणजे सावकाश तापवून सावकाश निवू दिलं, तर साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सियसच्या पट्ट्यात क्रोमियम पोलादातल्या कार्बनशी जोडलं जातं आणि कणांच्या कडांवर जाऊन बसतं. मग त्या कडांच्या आजूबाजूला क्रोमियमच उरत नाही आणि गंज नेमका तिथे शिरतो. सांधा वरून चकचकीत असतो आणि आतून कुजत जातो. १९३० च्या सुमारास स्टेनलेसची आगगाडी बांधणं अवघड होतं ते या एका कारणामुळे.

बड कंपनीने यावर उपाय काढला. दोन पत्रे दाबून धरायचे आणि सेकंदाच्या लहानशा अंशापुरता प्रचंड प्रवाह सोडायचा. ठिपक्याएवढी जागा वितळते आणि लगेच गोठते. त्या धोक्याच्या पट्ट्यात धातू थांबतच नाही, म्हणून क्रोमियम जागचं हलत नाही. याला त्यांनी शॉटवेल्ड नाव दिलं. १९३४ मध्ये त्याच पद्धतीने बांधलेली झेफिर ही डिझेल गाडी डेन्व्हरहून पहाटे सुटून त्याच संध्याकाळी शिकागोला पोचली. हजार मैलांहून जास्त अंतर तिने तेरा तास पाच मिनिटांत कापलं. तिच्या वेगाची तेव्हा खूप चर्चा झाली. माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट तिच्या सांध्यांत होती.

आर-३२ च्या अंगावर आडव्या पन्हळ्या दिसतात. लोकांना ती शोभा वाटते. पातळ पत्र्याला पन्हळी दिली की तो कित्येक पटींनी ताठ होतो, म्हणून पत्रा पातळ ठेवता येतो. शिवाय ठिपक्यांच्या वेल्डिंगने सपाट पत्र्यावर खळगे दिसतात, ते पन्हळीत झाकले जातात. डबा रंगवायचाही नसतो. या सगळ्याचा परिणाम वजनावर झाला. आधीच्या साध्या पोलादाच्या डब्यांपेक्षा आर-३२ सुमारे ४,००० पौंडांनी, म्हणजे अठराशे किलोंनी हलका होता. दर मिनिटा-दोन मिनिटांनी थांबून पुन्हा सुटणाऱ्या गाडीत अठराशे किलो म्हणजे प्रत्येक स्टेशनावर वाचणारी वीज.

न्यूयॉर्कला हे पोलाद नवं नव्हतं. १९४९ मध्ये बडनेच आर-११ नावाचे दहा स्टेनलेस डबे त्यांना बांधून दिले होते. होऊ घातलेल्या सेकंड अव्हेन्यू मार्गाचा तो नमुना होता. मार्ग रखडला, पुढची ऑर्डर आली नाही, आणि शहर आणखी पंधरा वर्षं साध्या पोलादाचे रंगवलेले डबे घेत राहिलं. १९६३ च्या निविदेत बडची बोली सर्वांत कमी निघाली, म्हणून सहाशे डबे स्टेनलेसचे आले. चांगलं पोलाद त्या वर्षी स्वस्त पडलं नसतं तर हे उत्तर लिहायची वेळच आली नसती.

९ सप्टेंबर १९६४ ला नवी गाडी समारंभाने आणली गेली, आणि तीही सबवेच्या स्टेशनात आणली नाही. न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेच्या रुळांवरून ती थेट ग्रँड सेंट्रल टर्मिनलमध्ये दाखल झाली. पाच दिवसांनी, १४ सप्टेंबरला, ब्रुकलिनमधल्या ब्रायटन मार्गावर प्रवासी घेऊन धावली. मळकट गडद रंगाच्या गाड्यांची सवय असलेल्या शहरात ही चांदीसारखी अंगकांती आणि निळे दरवाजे! लोकांनी तिला ब्रायटलायनर म्हणायला सुरुवात केली. ब्रायटन मार्ग आणि चकाकी, दोन्ही त्या नावात आलं.

पुढची काही वर्षं बरी गेली. मग सत्तरचं दशक आलं. शहराची तिजोरी रिकामी झाली आणि देखभाल पुढे ढकलली जाऊ लागली. देखभाल पुढे ढकलणं म्हणजे काय ते मी जवळून पाहिलेलं आहे, म्हणून सांगतो. पहिल्या वर्षी कुणाच्या लक्षातही येत नाही. दुसऱ्या वर्षी सुटे भाग एका डब्यातून काढून दुसऱ्यात बसवले जातात. तिसऱ्या वर्षी शेडच्या मागे उभे असलेले डबे वाढतात आणि चालू गाड्यांवर दुप्पट ताण येतो. न्यूयॉर्कमध्ये १९८१ पर्यंत सगळ्या ताफ्याचं दोन बिघाडांमधलं सरासरी अंतर साडेसहा हजार मैलांच्या आसपास घसरलं होतं. आतून बाहेरून ग्राफिटीने, म्हणजे पोरांनी फवाऱ्याने काढलेल्या चित्रांनी, रंगवलेले, दिवे गेलेले, दरवाजे अडकलेले डबे. आर-३२ ही त्यातच होते.

पण रंगाच्या त्या थरांखाली आणि बंद पडलेल्या मोटरींच्या वर सांगाडा शाबूत होता. याचा उपयोग पुढे झाला.

१९८२ पासून न्यूयॉर्कने मोठा भांडवली कार्यक्रम हाती घेतला. १९८४ मध्ये डेव्हिड गन सबवेचे प्रमुख झाले. त्यांचा नियम साधा होता: एकदा साफ केलेली गाडी पुन्हा कुणी रंगवली, तर पुसल्याशिवाय ती परत सेवेत जाणार नाही. १२ मे १९८९ ला चित्रांनी माखलेली शेवटची गाडी सेवेतून काढली गेली. त्याच सुमारास, १९८८ ते १९९० मध्ये, आर-३२ चे जवळजवळ सगळे डबे मॉरिसन-नुडसेन कंपनीने न्यूयॉर्क राज्यातल्या हॉर्नेल गावात नेऊन पुन्हा उभे केले. दहा डबे त्याआधी जनरल इलेक्ट्रिकने बफेलोमध्ये नमुन्यादाखल करून पाहिले होते.

इथे जरा थांबा. त्या वेळी आर-३२ किती वर्षांचे होते? चोवीस. आपल्याकडे ज्या वयात डब्यावर कंडमचा शिक्का बसतो, बरोबर त्याच वयात त्यांचा डबा आतून सोलून पुन्हा भरला गेला. आपले लोक पंचवीस वर्षांनी डबा फेकतात ते बेफिकिरीने नव्हे. साध्या पोलादाच्या सांगाड्यात त्या वयाला एवढा खर्च ओतणं व्यवहारात बसत नाही. खर्च करून दहा वर्षं मिळतील की तीन, याची खात्री देता येत नाही. आर-३२ च्या बाबतीत ती खात्री देता आली. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं: पोलादाने वेळ मिळवून दिला आणि हॉर्नेलच्या दुरुस्तीने तो वेळ वापरला. दोहोंपैकी एक जरी नसतं तरी १९९० च्या आसपास हे डबे गेले असते.

त्या दुरुस्तीत एक गोष्ट मात्र अशी बसवली गेली की ती पुढे तीस वर्षं नडली. ती म्हणजे वातानुकूलन.

आर-३२ मूळचा पंख्यांचा डबा. छत, खालची जागा, विजेचा पुरवठा, सगळं पंख्यांचा हिशेब धरून केलेलं. त्यात नंतर एसी बसवायचा म्हणजे जिथे जागा उरली तिथे यंत्र कोंबायचं आणि ज्या बाजूने उष्णता बाहेर पडेल त्या बाजूला हवा मिळेल अशी आशा धरायची. बोगद्यात ती हवा मिळत नाही. सगळ्याच गाड्यांचे एसी आपली उष्णता बोगद्यात सोडतात, ब्रेकची उष्णता तिथेच, आणि जुलैमध्ये भुयारातलं स्टेशन भट्टी होतं. म्हातारा एसी अशा हवेत दम टाकतो. शेवटी त्यांनी वेगळाच तोडगा काढला: उन्हाळ्यात आर-३२ च्या काही गाड्या भुयारातल्या सी मार्गावरून काढून जे मार्गावर पाठवायच्या (तिथे मार्गांना अक्षरांची नावं आहेत), कारण जे बराचसा उघड्यावर, पुलांवरून धावतो. सप्टेंबरनंतर त्या परत सीवर. यंत्राला झेपेल असं काम यंत्राला द्यायचं, हे कारशेडमधलं शहाणपण आहे आणि मला ते मनापासून आवडलं.

माझी मुलगी ब्रुकलिनमध्ये राहते. एका उन्हाळ्यात तिच्याकडे गेलो असताना मी जे मार्गावर हाच डबा शोधत दोन-तीन गाड्या सोडल्या. चौथी आली ती पन्हळ्यांची. पुढच्या डब्याच्या तोंडाशी गेलो, कारण आर-३२ मध्ये चालकाची केबिन अर्ध्याच रुंदीची आहे आणि मधल्या दरवाज्याच्या काचेतून समोरचा रूळ दिसतो. तिथे एक सात-आठ वर्षांचा मुलगा आधीच नाक लावून उभा होता. त्याच्या डोक्यावरून मी विल्यम्सबर्ग पूल पाहिला. पूल चढताना खालून ती टकटक ऐकू आली, ठरल्या वेळी, एकही पायरी न चुकता. पन्नास वर्षांच्या कॅमशाफ्टची ती शिस्त पाहून मला आमच्या शेडमधल्या फिटरांची आठवण झाली. आवाज ऐकून कुठला कॉन्टॅक्टर उशिरा पडतोय ते सांगणारी माणसं होती ती.

उतरताना सवयीने दरवाज्याच्या खालच्या कोपऱ्यात बोट फिरवलं. आपल्याकडे डबा पहिला तिथे जातो, पाणी तिथेच साचतं. कोपरा गुळगुळीत होता.

आता २००७ नंतरची हकीकत, कारण इथे बरेच लोक चुकीचा निष्कर्ष काढतात.

२००५ ते २०१० मध्ये आर-१६० नावाचे १,६६२ नवे डबे आले. ते अल्स्टॉम आणि कावासाकी यांनी बांधले, आणि अल्स्टॉमचा कारखाना त्याच हॉर्नेल गावात. ज्या गावाने आर-३२ ला दुसरा जन्म दिला तिथूनच त्याला हटवणारे डबे निघाले. योजना अशी होती की आर-३२ सगळे जातील. बहुतेक गेलेही. त्याआधी आर-३८ गेले होते. हे २०० डबे सेंट लुईस कार कंपनीने १९६६-६७ मध्ये बांधले, म्हणजे आर-३२ पेक्षा दोन वर्षांनी तरुण. बाहेरून तेही चकचकीत, तेही पन्हळ्यांचे. पण त्यात बाहेरचा पत्रा स्टेनलेस होता आणि आतला सांगाडा दुसऱ्या पोलादाचा. पत्रा आणि सांगाडा वेगवेगळ्या धातूंचे असले की मध्ये शिरलेलं पाणी कमकुवत धातूला खातं, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. गंज दिसतो तेव्हा रंगारी बोलावतात. गंज झाकलेला असला तर तपासणीची वेळ येईपर्यंत कुणी बघतही नाही.

२००९ च्या डिसेंबरमध्ये आणखी धक्का बसला. आर-४४ या १९७०च्या दशकातल्या डब्यांच्या सांगाड्यात गंभीर दोष सापडले. दुरुस्तीपेक्षा निवृत्ती स्वस्त, असा हिशेब निघाला आणि २०१० मध्ये ते सबवेतून काढले गेले. गाड्या कमी पडू लागल्या. मग निवृत्तीच्या वाटेवरच्या आर-३२ पैकी २२२ डबे थांबवून ठेवले गेले. सात-आठ वर्षांनी तरुण डबे गेले आणि म्हातारे राहिले.

म्हणून २०१० नंतरची ती दहा-बारा वर्षं मी पराक्रमात धरत नाही. ती मजबुरी होती. सांगाडा टिकला होता, पण आतली यंत्रणा हॉर्नेलनंतर वीस वर्षं वापरून झिजली होती. सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या बंद झाल्या किंवा दुसऱ्यांनी विकत घेतल्या. २०१७ च्या सुमारास आर-३२ चं दोन बिघाडांमधलं अंतर ३३ हजार मैलांच्या आसपास होतं, तेव्हा सगळ्या ताफ्याची सरासरी लाखाच्या वर होती. सी मार्गावरच्या प्रवाशांनी तक्रारी केल्या त्या खऱ्या होत्या. रोज उशीर होणाऱ्या माणसाला डब्याच्या वयाचं कौतुक करायला सांगू नये. आणि तरीही १९८१ शी तुलना करा. पन्नाशी ओलांडलेला डबा, झिजलेला, तरीसुद्धा तेव्हाच्या ताफ्यापेक्षा पाचपट भरवशाचा. देखभाल केली तर काय होतं ते या एका आकड्यात दिसतं.

त्या काळातली एक गोष्ट मला सर्वांत प्रिय आहे. २०१२ च्या ऑक्टोबरच्या शेवटी सँडी वादळाने न्यूयॉर्कच्या रॉकअवे द्वीपकल्पाकडे जाणारा लोहमार्ग उखडून टाकला. द्वीपकल्पावरचे रूळ बरे होते, पण तिथे पोचायला रूळच उरले नव्हते. मग आर-३२ चे वीस डबे ट्रेलरवर चढवून रस्त्याने तिकडे नेले आणि क्रेनने रुळांवर ठेवले. २० नोव्हेंबरपासून ते एच या नावाने मोफत शटल म्हणून धावू लागले, आणि पुढच्या मे महिन्यात मार्ग पुन्हा जोडला जाईपर्यंत धावले. आर-३२ च का? तिथे नेहमी धावणारे नंतरचे डबे ७५ फूट लांब, ते शहरातल्या वळणांवरून ट्रेलरवर नेणं दुष्कर. साठ फुटी, हलका आणि कुठल्याही संगणकावर न अडणारा डबा हवा होता. २६ जुलै २००५ नंतर पाण्यात बुडालेल्या मोटरी सुकवून, तपासून, जोडून गाडी पुन्हा उभी करणारे आमचे लोक मला आठवतात. संकटात साधं यंत्र माणसाच्या हाताशी येतं.

पुढे आर-१७९ हे तीनशेहून थोडे जास्त नवे डबे आले. त्यांचा करार २०१२ चा, पण प्रवासी घेऊन धावायला २०१७ चा शेवट उजाडला. बांधणीतच अडचणी आल्या. तोवर आर-३२ ओढत राहिले. २०२० च्या वसंतात कोविडच्या साथीमुळे गाड्या कमी झाल्या आणि आर-३२ उभे राहिले. जूनमध्ये आर-१७९ ची एक गाडी चालताना मध्येच तुटून दोन भाग झाली, तो सगळा ताफा तपासणीसाठी काढला गेला, आणि जुलैमध्ये आर-३२ पुन्हा जे मार्गावर! ऑक्टोबरपर्यंत ते रोज चालले. शेवटी डिसेंबर २०२१ आणि जानेवारी २०२२ च्या काही रविवारी निरोपाच्या फेऱ्या झाल्या, नेहमीच्या तिकिटात, कुणालाही चढता येईल अशा. ९ जानेवारी २०२२ हा शेवटचा दिवस.

समुद्राचं तुम्ही विचारलं नाही, पण ते सांगितल्याशिवाय सांगाड्याची गोष्ट पुरी होत नाही. २००१ पासून न्यूयॉर्क आपले जुने डबे साफ करून, चाकं आणि यंत्रं काढून अटलांटिकमध्ये सोडत होतं, माशांना आसरा म्हणून. आधी लाल रंगवलेले साध्या पोलादाचे जाड डबे गेले. ते तळाशी चांगले उभे राहिले. मग २००७ नंतर स्टेनलेसचे डबे गेले, त्यात आर-३२ ही होते. न्यू जर्सीच्या पाणबुड्यांनी काही महिन्यांनी जाऊन पाहिलं तर सोडलेले बहुतेक ब्रायटलायनर कोसळून पसरलेले! दोन-तीन दशकं टिकतील म्हणून सोडले होते. न्यू जर्सीने असे डबे घेणं थांबवलं.

हे कसं झालं? माझा तर्क असा. रुळावर डब्यावर येणारा भार खालून-वरून आणि टोकाकडून टोकाकडे असतो. पातळ पन्हळी पत्रा आणि हजारो ठिपके हे त्याच दिशांसाठी हिशेबाने मांडलेले. समुद्राच्या तळाशी लाट बाजूने ढकलते, पुन्हा पुन्हा, आणि खिडक्या-दरवाजे काढल्यावर कडाही मोकळ्या झालेल्या असतात. एक ठिपका सुटला की शेजारच्यावर भार, मग त्याच्या शेजारच्यावर. गंजायची वेळच आली नाही. जाड साधं पोलाद गंजेल, पण गंजेपर्यंत उभं राहील. ज्या हलकेपणाने रुळावर सत्तावन्न वर्षं वीज वाचवली, तोच हलकेपणा तिथे कामाचा नव्हता. डबा कशासाठी बांधलाय हे विसरून त्याला मजबूत किंवा कच्चा म्हणता येत नाही.

आपल्याकडचं थोडं सांगतो, कारण प्रश्नाचा रोख तिकडे आहे. आपले लांब पल्ल्याचे, जर्मन आराखड्याचे एलएचबी डबे स्टेनलेसचे आहेत आणि त्यांचं ठरलेलं आयुष्य ३५ वर्षं धरलंय. चेन्नईच्या आयसीएफ कारखान्याच्या जुन्या घडणीच्या डब्याला २५ होतं. हा फरक योग्य आहे. पण ३५ च्या आधी, अठराव्या-विसाव्या वर्षी, वायरिंग, दरवाजे आणि वातानुकूलनाचा सगळा संच नव्याने बसवण्याचे पैसे आजच बाजूला काढून ठेवले पाहिजेत. सांगाडा तेव्हा ठणठणीत असेल, आणि म्हणूनच लोक म्हणतील की अजून चालतंय की. न्यूयॉर्कला २०१० मध्ये मजबुरीने तेच करावं लागलं आणि सी मार्गावरच्या प्रवाशांनी त्याची किंमत मोजली. नवे डबे घेताना निविदेत आणखी एक ओळ घाला: सांगाडा आणि पत्रा दोन्ही एकाच जातीच्या पोलादाचे हवेत. आर-३८ ची आठवण ठेवायला ती एक ओळ पुरते.

न्यूयॉर्कच्या ट्रान्झिट म्युझियमने आर-३२ ची एक जोडी आपल्या संग्रहात ठेवली आहे. कधी बघायला मिळाली तर समोरून फोटो काढून परत फिरू नका. दरवाज्याशेजारी वाका, पन्हळीच्या खालच्या कडेला ओळीने बारीक गोल ठिपके दिसतील. त्यावरून बोट फिरवा. प्रत्येक ठिपका १९६४-६५ मध्ये फिलाडेल्फियात एका कामगाराने सेकंदाच्या अंशात मारलेला आहे.